अभयदान : आपत्तीनंतरच्या शाळेतील सेवा

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले जातात : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी पहिल्या तिन्हींचा परिचय समाजाला घरोघरी आहे. अन्नछत्रे, दवाखाने, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या या रूपांनी ती परंपरा आजही वाहते आहे. चौथे दान म्हणजे भयभीत जीवाला निर्भय करणे. जीवदया आणि पांजरपोळ यांच्या रूपाने समाजाने तेही जपले आहे. परंतु आणखी एक भयभीत जीव असा आहे की, ज्याच्याकडे या दानाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. दरड कोसळून किंवा पूर येऊन ज्याचे घर गेले, घरातले माणूस गेले, आणि जो काही दिवसांनी दप्तराविना शाळेच्या पायरीवर येऊन बसला आहे, तो विद्यार्थी. त्याच्या हाती वही आणि अंगावर नवा गणवेश देणारे पुष्कळ असतात. त्याच्या मनातील भय कोणी आणि कसे दूर करावे, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो.

वेल्हे तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, असा हा तालुका तोरणा आणि राजगड या दोन किल्ल्यांच्या छायेत वसलेला आहे. डोंगरउतारावरच्या वाड्या, धनगरवस्त्या, मुसळधार पाऊस आणि दोन शिक्षकांवर चालणाऱ्या लहान शाळा हे त्याचे रूप. याच तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरते पूर्ण होण्यापूर्वीच, फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातील जुन्या घरांत आजही कालगणना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी होते. त्या काळी मदत म्हणजे धान्य, कपडे, भांडीकुंडी आणि निवारा. मुलांच्या मनाचे काय झाले, हे विचारण्याची रीत मदतकार्यात रुजलेली नव्हती. ज्यांनी ते पाणी बालवयात पाहिले, ती पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. रात्री पावसाचा जोर वाढला की आजोबा उठून का बसतात, हे त्या घरांतील नातवंडांना कोणी सांगावे लागत नाही.

किल्लारी ते वाघोली

पानशेतनंतर बत्तीस वर्षांनी महाराष्ट्रावर त्याहून मोठा घाला पडला. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे झोपी गेली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

भारतीय जैन संघटना ही पुण्यातील संस्था त्या वेळी अवघ्या आठ वर्षांची होती. तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था आणि त्यांचे सहकारी मदतकार्यासाठी तेथे गेले. मदत साहित्य वाटून परतण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. त्यांनी त्याऐवजी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. मुले पुण्यात आणली गेली आणि पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. कालांतराने त्याच आवारात मेळघाटातील आदिवासी मुले आली, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले आली.

या निर्णयाचे मोल पैशापेक्षा काळात मोजावे लागते. पाचवीतील मुलाला बारावीपर्यंत पोहोचवायचे, तर आठ शैक्षणिक वर्षे लागतात. व्यापारी भाषेत बोलायचे तर हा रोखीचा व्यवहार नव्हता. आठ वर्षे चालणारे, दररोज जमाखर्च मागणारे ते खाते होते. पहिल्या आठवड्यात मदतीचे ट्रक रांगेने येतात. आठव्या महिन्यात, बातमी जुनी झाल्यावर, मुलाने अचानक शाळेत यायचे थांबवले तर विचारणारे कोणी उरत नाही. वाघोलीत ते विचारणारे माणूस जवळ होते.

त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मुलांना त्यांच्या मातीपासून आणि आप्तांपासून दूर नेणे योग्य होते काय? आज जगभरची बालसंगोपनाची भूमिका अशी आहे की, आपत्तीनंतर मूल शक्यतो आजी, काका, मावशी अशा नात्यातल्या माणसांजवळ, ओळखीच्या परिसरात राहावे. भारताचा २०१५ चा बालन्याय कायदाही संस्थेतील निवासाला शेवटचा पर्याय मानतो. १९९३ मध्ये मात्र ज्या गावांत घर आणि शाळा दोन्ही उरल्या नव्हत्या, तेथे वसतिगृह हा शिक्षणाकडे जाणारा खुला दरवाजा होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जुन्या कार्याचा आदर राखूनही नव्या पिढीच्या कार्यकर्त्याने हे शिकावे की, सेवा मुलाकडे जावी, आणि मुलाला सेवेकडे आणण्याची वेळ अगदी निरुपाय झाल्यावरच यावी.

किल्लारीने आणखी एक दार उघडले. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या दीर्घ अभ्यासाचे नेतृत्व केले. मराठी प्रेक्षक त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून ओळखतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी केलेल्या या कामाची ओळख मात्र तुलनेने कमी आहे. ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्या माणसाच्या मनावरही उपचारांची गरज असते, ही जाणीव महाराष्ट्रात अशा कामांतून रुजत गेली. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने गुजरातमध्ये ३६८ शाळा उभारून दिल्या. शाळा लवकर सुरू होणे हाच मुलाच्या मनावरचा एक मोठा उपचार असतो. ठरावीक वेळेला वाजणारी घंटा, परिपाठ, हजेरी, खिचडीची पंगत यांतून मुलाला कळते की, जगातले सगळेच मोडलेले नाही.

मुलाच्या मनात काय घडते

आपत्तीनंतर मुले मोठ्यांसारखी रडत नाहीत. म्हणून ती ‘विसरली’ असा समज होतो. सहा-सात वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, एकट्याने शौचास जायला घाबरते. कधी ते मातीचे घर करते आणि हाताने पाडते, पुन्हा करते, पुन्हा पाडते. मोठ्यांना हा खेळ अभद्र वाटतो. खरे तर शब्दांत न सांगता आलेली गोष्ट ते मूल हातांनी सांगत असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे पाढे चुकू लागतात, पोट दुखते, डोके दुखते आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. चौदा-पंधराच्या वयात चिडचिड, अबोला, रात्रीचे जागरण आणि सर्वांत जड असा अपराधभाव दिसतो : ‘मी त्या दिवशी घरी असतो तर?’

या शेवटच्या प्रश्नाचे विदारक रूप इर्शाळवाडीने दाखवले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील त्या ठाकरवाडीवर डोंगराचा भाग कोसळला. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. परत जाण्यासाठी त्यांतल्या कित्येकांना घर उरले नाही. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. वेल्हे आणि भोर यांचे डोंगर याच सह्याद्रीचे आहेत, पाऊसही तोच आहे. अशा वेळी शाळेमुळे वाचलेल्या मुलाला शाळाच नकोशी होऊ शकते, हे गुरुजींना माहीत असले पाहिजे.

या सर्व खुणा आजाराच्या नसतात. विलक्षण घटनेला निरोगी मनाने दिलेला तो प्रतिसाद असतो. ओळखीची माणसे, झोप, अन्न, खेळ आणि शाळा मिळाली तर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरू लागतात. महिना उलटूनही भय कमी होत नसेल, खाणेपिणे व बोलणे तुटले असेल, किंवा जगणे नको असे शब्द मुलाच्या तोंडी येत असतील, तर तज्ज्ञाची गरज आहे असे समजावे. हे शेवटचे शब्द ऐकल्यावर तर एक दिवसही थांबू नये.

पाहा, ऐका, जोडून द्या

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सूत्र तीन क्रियांत सांगता येते : पाहा, ऐका आणि जोडून द्या. हे काम करण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनेही गुजरातचा भूकंप, २००४ ची त्सुनामी अशा आपत्तींनंतर स्थानिक कार्यकर्ते आणि शिक्षक यांना शिकवूनच काम उभे केले. गावोगावी पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ देशात नाहीत. त्यामुळे प्रशिक्षित सामान्य माणूस हाच या सेवेचा कणा ठरतो.

‘पाहा’ म्हणजे शाळेत गेल्यावर प्रथम निरीक्षण करा. कोण कोपऱ्यात बसते, कोण जेवत नाही, कोणते भावंड दुसऱ्याचा हात सोडत नाही, आणि गुरुजी स्वतः कोणत्या अवस्थेत आहेत. कित्येकदा शिक्षकाचेही घर गेलेले असते आणि तो डोळे पुसून फळ्याकडे वळलेला असतो. स्वयंसेवक परत जाणार असतो, शिक्षक राहणार असतो. म्हणून पहिला आधार शिक्षकाला मिळाला पाहिजे.

‘ऐका’ हे सर्वांत कठीण. व्यापाऱ्याचा स्वभाव अडचण दिसली की लगेच मार्ग काढण्याचा. दुःखी मुलापुढे हा गुण आवरावा लागतो. त्या रात्री काय झाले, हे मुलाला खोदून विचारू नये. घटनेची उजळणी करून घेणे हा प्रथमोपचार नाही, त्याने जखम अधिक चिघळू शकते. मूल आपणहून बोलले तर ऐकावे, गप्प बसले तर त्याच्याजवळ बसावे, चित्र काढायला कागद द्यावा आणि चित्राचा अर्थ विचारण्याची घाई करू नये.

‘जोडून द्या’ म्हणजे मुलाला त्याच्या नातेवाइकांशी, मित्रांशी, शिक्षकांशी आणि गरज असेल तेथे तज्ज्ञांशी जोडणे. शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेली-मानस ही अहोरात्र चालणारी १४४१६ क्रमांकाची सेवा आणि संकटातील बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

हजेरीपटावरचे नाव ही या साऱ्यातील सर्वांत हळवी जागा. वर्गातला एखादा मित्र गेला असेल, तर त्याचे नाव गुपचूप खोडून पुढे जाणे मुलांना सहन होत नाही. उद्या आपणही असेच खोडले जाऊ, असे त्यांना वाटते. एक दिवस ठरवून, साध्या शब्दांत खरे सांगावे, दोन मिनिटे शांत उभे राहावे, त्याची जागा काही दिवस तशीच ठेवावी आणि पुढे काय करायचे ते मुलांना ठरवू द्यावे. लहान मुलांना ‘तो झोपला आहे’ असे सांगू नये, कारण मग त्यांना झोपेचीच भीती वाटू लागते.

धर्मभावना आणि संयम

जैन कार्यकर्त्याने एका बाबतीत विशेष जागरूक राहिले पाहिजे. दुःखाच्या वेळी कर्मसिद्धान्ताचा आधार घेणे त्याला स्वाभाविक वाटते. प्रौढ श्रावकाला त्या चिंतनातून समता लाभते. परंतु आई गमावलेल्या आठ वर्षांच्या मुलीसमोर ‘ज्याचे त्याचे कर्म’ हे शब्द उच्चारले, तर ती त्याचा एकच अर्थ लावते : माझ्या चुकीमुळे आई गेली. कर्माचा विचार स्वतःच्या आत्मपरीक्षणासाठी आहे. दुसऱ्याच्या खात्यातील नोंदी वाचण्याचा अधिकार तो कोणाला देत नाही. त्या मुलीला एवढेच सांगावे लागते की, यात तुझा काही दोष नव्हता. हे एकदा सांगून पुरत नाही, पुन्हापुन्हा सांगावे लागते. मुलांच्या घरचे देव, त्यांचे विधी, त्यांचे अन्न यांचा मान राखणे हाही अहिंसेचाच भाग आहे. दुसऱ्याच्या दृष्टीतही सत्याचा अंश असतो, हे शिकवणाऱ्या अनेकान्ताच्या अनुयायाला हे जड जाऊ नये.

तीच गोष्ट छायाचित्रांची. साहित्य स्वीकारणाऱ्या, डोळे खाली घातलेल्या मुलाचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून आणणे ही गुप्तदानाच्या परंपरेशी प्रतारणा आहेच, शिवाय काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बालन्याय कायद्याने मनाई केली आहे. स्वयंसेवकांची पडताळणी व्हावी, त्यांनी मुलाला एकांतात भेटू नये, मोठी आश्वासने देऊ नयेत आणि पुन्हा येण्याची तारीख दिली तर ती पाळावी. ज्याने सारे काही एका रात्रीत गमावले, त्याच्यासाठी मोडलेला लहानसा शब्दही लहान नसतो.

दुकानाचा उंबरठा

भोर आणि नसरापूरच्या बाजारपेठांत दुकाने सांभाळणाऱ्या कुटुंबांजवळ या कामासाठी एक असे साधन आहे, जे शहरातून येणाऱ्या कोणत्याही पथकाजवळ नाही. ते म्हणजे ओळख. डोंगरातील कोणत्या वाडीत किती घरे, कोणाचा मुलगा पुण्यात कामाला, कोणाच्या घरी फक्त म्हातारी आणि नातू, हे दुकानदाराला उधारीच्या वहीतून ठाऊक असते. आपत्तीनंतर तोच प्रथम ओळखू शकतो की, नेहमी गोळ्या मागणारा पोरगा आता काउंटरपाशी मुकाट उभा राहतो. त्याने ही गोष्ट गुरुजींच्या कानावर घातली, तरी ‘जोडून द्या’ हे सूत्र पूर्ण झाले.

उधारीचाही येथे संबंध आहे. ज्या घरातील कमावता माणूस गेला, त्या घरच्या मुलाला दुकानात सामान आणायला पाठवले जाते. त्या मुलादेखत जुन्या बाकीचा विषय निघाला, तर त्याच्या कोवळ्या खांद्यावर बापाच्या कर्जाचे ओझे येते आणि शाळा सुटण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. वही मिटून ठेवावी, मोठ्या माणसाशी सवडीने बोलावे. हे अभयदानच आहे आणि त्याची पावती फाडावी लागत नाही.

चातुर्मासापूर्वीची तयारी

या सेवेची तयारी आपत्ती आल्यावर करता येत नाही. डोंगरी तालुक्यांत संकटाचा काळ बहुधा आषाढ-श्रावणाचा, आणि नेमका तोच चातुर्मासाचा काळ. साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिरावतात, समाज प्रवचनांसाठी नियमित एकत्र येतो. ज्येष्ठ महिन्यातच प्रत्येक संघाने दहा-बारा जणांचा गट निवडला, त्यांत निम्म्या महिला ठेवल्या आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांकडून त्यांचे प्रशिक्षण करून घेतले, तर पावसाळ्यात तो गट सज्ज असेल. तालुक्यातील शाळांची यादी, मुख्याध्यापकांशी आधीच झालेला परिचय, शिक्षण विभागाची परवानगी आणि खडू-कागद-चेंडूंची एक पेटी एवढे भांडवल पुरेसे आहे.

त्यानंतर लागते ती चिकाटी. व्यापारी जशी तगाद्याची वही ठेवतो, तशीच येथे भेटींची वही असावी : पहिल्या आठवड्यातील भेट, महिन्यानंतरची भेट, दिवाळीनंतरची, आणि विशेषतः पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसातली. वर्षश्राद्धाच्या सुमारास, आणि त्याहूनही अधिक, ढग दाटून आल्यावर, सावरलेली मुले पुन्हा अस्वस्थ होतात. त्या दिवशी ओळखीचा चेहरा वर्गात असणे हे हजारो वह्यांच्या वाटपापेक्षा मोलाचे ठरू शकते.

पर्युषणानंतर समाज एकमेकांकडे जाऊन क्षमापना करतो. वर्षभरात कोणाचे मन दुखावले, हे आठवून त्याच्या दारी जाण्याची ही शिस्त जगात दुर्मीळ आहे. तीच शिस्त पावसाळ्यानंतर एखाद्या वाडीतील शाळेच्या दारापर्यंत गेली, तर तेथील मुलाला समाजाचे नाव कदाचित लक्षात राहणार नाही. मागच्या वर्षी आलेले काका या वर्षीही आले, एवढे मात्र राहील. पुढच्या वेळी पत्र्यावर पावसाचा आवाज वाढेल तेव्हा ते मूल खिडकीकडे पाहील, मग गुरुजींकडे पाहील, आणि पुन्हा पाढे लिहू लागेल.